करुणेची वहिवाट

दत्ताच्या देवळात गुरुवारी संध्याकाळची आरती झाली की करुणात्रिपदी म्हणतात. कासारवाडीत, पुलापलीकडे भोसरीत, खाली दापोडीत, जिथे दत्ताचं ठाणं आहे तिथे ही रीत ठरलेली. जनरल शिफ्ट सुटून परस्पर आलेले, कंपनीचा गणवेश अंगावर असलेले लोक त्यात असतात. बहुतेकांना ती तोंडपाठ असते, आणि तोंडपाठ झालेल्या शब्दांकडे लक्ष जायचं राहून जातं. तिच्यातलं दुसरं पद मात्र एकदा थांबून ऐकावं. त्यात भक्त कृपा मागतो, पण मागताना स्वतःच्या बाजूने काहीच मांडत नाही. मी इतके उपास केले, इतकी पारायणं केली, असा शब्द त्यात नाही. तो देवाला देवाचीच जुनी कृत्यं सांगत सुटतो. चोरांनी मारलेल्या ब्राह्मणाला तू उठवलंस. पोटशूळाने तळमळणाऱ्याला तू जगवलंस. मेलेला मुलगा आईला परत दिलास, सती निघालेल्या बाईचा नवरा परत दिलास. तेव्हा तुझं मन वळलं, मग आताच ते इतकं कठोर कसं झालं?

ही रचना वासुदेवानंद सरस्वतींची, म्हणजे टेंबे स्वामींची. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेले आणि १९१४ साली नर्मदाकाठी गरुडेश्वरला देह ठेवलेले हे संन्यासी आचाराला अतिशय कडक होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नृसिंहवाडीत त्यांनी ही त्रिपदी केली. इतका नेमस्त, शास्त्र पाळणारा माणूस देवाशी बोलताना मात्र जाब विचारल्यासारखा बोलतो, याचं मला फार मोल वाटतं. ही उद्धटपणाची भाषा नव्हे. ही आपल्याकडची एक जुनी, विचारपूर्वक घडलेली प्रार्थनेची पद्धत आहे आणि तिच्यामागे एक ठाम म्हणणं आहे. दया ही देवाची कधीमधी होणारी लहर नाही. ती त्याची वहिवाट आहे, आणि पडलेली वहिवाट मोडायची असेल तर मोडणाऱ्याने उत्तर द्यायचं असतं.

त्रिपदीतल्या चारही गोष्टी सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रातल्या आहेत. वल्लभेश ब्राह्मणाची गोष्ट तर मुद्दाम लक्षात घ्यावी. श्रीपाद श्रीवल्लभ कुरवपुरातून अदृश्य झाल्यानंतरची ती आहे. आता ते नाहीत, आता कोण धावून येणार, असा प्रश्न जिथे उभा राहतो तिथेच ती सांगितली जाते. पण माझ्या मते या सगळ्या पद्धतीचा गाभा शिरोळच्या बाईच्या गोष्टीत आहे.

तिची मुलं जगत नव्हती. औदुंबराखाली सेवा केल्यावर तिला वर मिळाला, मुलगे झाले. त्यातला एक मुंजीच्या वयाला आला आणि धनुर्वाताने गेला. गावातले लोक प्रेत न्यायला आले तर तिने ते सोडलंच नाही. तेव्हा एक ब्रह्मचारी येऊन तिला उपदेश करू लागला: देह नाशवंत आहे, कर्माची गती कुणाला टळत नाही, शोक सोड. या उपदेशात चुकीचं काहीच नव्हतं. पण तिने तो मानला नाही. होणार ते होणारच असेल तर आम्ही देवावर भरवसा कशासाठी ठेवला, हा तिचा प्रश्न होता. ब्रह्मचाऱ्याने मग सांगितलं की जिथे वर मिळाला तिथेच जाऊन विचार. ती मुलाचं प्रेत घेऊन औदुंबरापाशी गेली आणि पादुकांवर डोकं आपटत राहिली. गुरुचरित्र सांगतं की तो ब्रह्मचारी म्हणजे वेष पालटून आलेले गुरूच होते.

यातला बारकावा असा की तत्त्वज्ञान सांगणारा आणि ‘जाऊन जाब विचार’ म्हणणारा एकच आहे. शहाणपणाचा उपदेश त्याने आधी देऊन पाहिला. ती त्यावर समाधान मानून घरी बसली असती, तर गोष्ट तिथेच संपली असती. पूर्वी दिलेल्या वचनाकडे बोट दाखवण्याचा तिचा हट्ट हीच तिची भक्ती ठरली.

आजकाल प्रार्थनेचा अर्थ सांगताना एक गुळगुळीत स्पष्टीकरण हमखास दिलं जातं. देवाला सगळं ठाऊकच असतं, त्याला आठवण करून द्यायची गरज नसते, जुन्या गोष्टी म्हटल्याने आपलंच मन खंबीर होतं, वगैरे. यात थोडं तथ्य आहे. संकटात माणसाची स्मृती आखडते, आजच्या दुखण्यापलीकडचं काही दिसत नाही, आणि चार वाचलेल्यांची नावं घेतली की श्वास मोकळा होतो. पण स्पष्टीकरण एवढंच असेल तर शिरोळच्या बाईला आपण काय सांगणार? तुझा हट्ट म्हणजे मनाचा व्यायाम होता, असं? ती स्वतःचं मन सावरायला गेली नव्हती. मन सावरण्याची सोय तर ब्रह्मचाऱ्याने घरीच करून दिली होती. ती मुलगा परत मागायला गेली होती. ज्यांनी ही पदं रचली त्यांनी ती समोर कुणी ऐकणारा आहे असं धरून रचली. आपण ती म्हणायची आणि ऐकणाऱ्याला वजा करायचं, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरीकडे नवस आहे. आमच्या या पट्ट्यात नवस भरपूर बोलले जातात: पोराला कंपनीत कायम करून घे, अमुक करीन, एमआयडीसीत शेड मिळू दे, तमुक वाहीन. नवसाला मी नावं ठेवत नाही, अडलेला माणूस जे हाताशी असेल ते पुढे करतो. पण नवसात माणूस स्वतःकडचं काहीतरी देऊ करतो, आणि ज्याच्याकडे द्यायला जास्त त्याचा नवस मोठा. जुन्या कृपेची आठवण देणाऱ्याकडे द्यायला काहीच नसतं. तो देवाच्या आजवरच्या वागण्यावर उभा राहतो. त्यामुळे तिथे ज्याच्याकडे काही नाही आणि ज्याच्याकडे पुष्कळ आहे, ते दोघं एका पायरीवर येतात.

कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पटकन कळेल. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत एक बाब होती: कामगारांना रूढीने मिळत आलेली सवलत काढून घेणं किंवा चालत आलेली पद्धत बदलणं. तसं करायचं तर कलम ९अ प्रमाणे मालकाला आधी नोटीस द्यावी लागे. म्हणजे सवलत सुरू झाली तेव्हा ती मालकाची मर्जी असेलही, पण वर्षानुवर्षं दिली गेली की ती नुसती मर्जी राहत नाही. पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी वाटाघाटींत युनियनच्या माणसांनी याच आधारावर मान वर करून बोलणी केली. त्यांनी भीक मागितली नाही. ‘आजवर असं होत आलं आहे’ एवढंच पुढे ठेवलं. संतांनी विठ्ठलापुढे जे ‘ब्रीद’ ठेवलं त्याचा न्याय हाच आहे. पतितपावन हे नाव तू मिरवतोस, तर ते नाव तुला बांधून घालतं.

वारकऱ्यांची तर ही रोजची भाषा. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पहिला मुक्काम आकुर्डीत करते, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने पिंपरी, कासारवाडी, दापोडी करत पुण्याला जाते. आता त्या रस्त्याच्या डोक्यावरून मेट्रो धावते. तिच्या एका स्टेशनचं नाव संत तुकाराम नगर, आणि दोन स्टेशनं पुढे कासारवाडी. दिंड्या खालून जातात तेव्हा त्यांच्या अभंगांत तीच नावं पुन्हा पुन्हा ऐकू येतात. गजेंद्र, प्रल्हाद, द्रौपदी, अजामेळ, पिंगळा, कुब्जा, अहल्या, शबरी. पुढे त्यांना मराठी नावं जोडली जातात: दामाजीसाठी देव विठू महार होऊन बिदरच्या दरबारात रक्कम भरून आला, सेना न्हाव्याच्या जागी धोकटी घेऊन गेला, जनीबरोबर दळायला बसला, चोख्याबरोबर ढोरं ओढू लागला.

या यादीकडे नीट पाहिलं पाहिजे. तिच्यात एक जनावर आहे. एक गणिका आहे. आयुष्यभर वाईट वागून मरताना मुलाला हाक मारणारा आणि त्या हाकेत चुकून देवाचं नाव आलेला एक माणूस आहे. राक्षसाचा मुलगा आहे, शापाने दगड झालेली बाई आहे, जंगलातली शबरी आहे. ही पुण्यवंतांची यादी नव्हे. यातल्या बहुतेकांच्या पदरात वाचण्याजोगं काही नव्हतं, आणि नेमकी म्हणूनच ती नावं निवडली गेली. राजांची आणि ऋषींची नावं घेऊन कृपा मागितली असती, तर ऐकणाऱ्याने सहज म्हटलं असतं, ते कुठे आणि तू कुठे. पिंगळेचं नाव घेतल्यावर असं म्हणायला जागा उरत नाही. तिला चाललं, मग मला का नाही? संतांनी ही यादी अशी जमवली की तिच्या आधारावर कुणालाही दाराबाहेर ठेवता येऊ नये. सगळ्या मराठी संतवाङ्मयातला मला हा सर्वांत धाडसी विचार वाटतो.

तुकोबांनी तो टोकाला नेला. वह्या इंद्रायणीत गेल्यावर काठावर तेरा दिवस अन्नपाण्याविना बसलेला हा माणूस काही पहिल्यांदाच परीक्षेला बसला नव्हता. सतराव्या शतकाच्या चौथ्या दशकाच्या आरंभी जो भीषण दुष्काळ पडला, त्यात त्यांची पहिली बायको आणि मुलगा अन्न अन्न करत गेले होते. तेव्हा देव धावला नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते देवाच्याच दारात बसले. वह्या कोरड्या निघाल्या अशी परंपरा आहे. पुढची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण गाथेत ती आहे: वह्या वर आल्यावर तुकोबा आनंदाने नाचत सुटले नाहीत. त्यांना लाज वाटली. लोकांच्या बोलण्यावरून मी तुझा अंत पाहिला, तुला त्रास दिला, असं ते देवाला म्हणतात. ज्याने हक्काने मागितलं तोच मिळाल्यावर इतका हळवा होतो. वहिवाटीच्या हक्कात आणि भक्तीत एवढं अंतर उरतंच. हक्काची वसुली झाली की माणूस पावती घेऊन घरी जातो. इथे मागणारा देणाऱ्याच्या कष्टाने व्याकुळ झाला.

ही पद्धत एकट्या आपलीच नाही. सोन्याचं वासरू पुजल्याबद्दल देव इस्राएल लोकांचा नाश करायला निघाला, तेव्हा मोशेने लोकांच्या बाजूने एकही सबब पुढे केली नाही. करण्यासारखी नव्हतीच. त्याने देवाला मिसरमधून केलेली सुटका आठवून दिली, अब्राहाम-इसहाक-याकोबांना दिलेला शब्द आठवून दिला, आणि आता यांना मारलंस तर मिसरी लोक काय म्हणतील, असंही विचारलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून ज्या बायबलचं मूळ भाषांवरून मराठी केलं, त्यातल्या स्तोत्रसंहितेत पंच्याऐंशीवं स्तोत्र याच वळणाचं आहे: आधी तू आमच्या देशावर प्रसन्न झालास, आमचे अपराध झाकलेस, आता पुन्हा तसंच कर. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल हेच स्मरण शतकानुशतकं जपत आले. त्यांच्या परंपरेत तर त्यांचा इथला आरंभच एका सुटकेपासून होतो: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं आणि सात जोडपी वाचली. या समाजाने मराठी कीर्तनाचा बाज उचलून त्यात आपल्या धर्मकथा सांगितल्या. मिसरच्या सुटकेची गोष्ट आणि गजेंद्राची सुटका एकाच चालीवर, एकाच भाषेत, एकाच किनाऱ्यावर गायली गेली याचा मला मनापासून आनंद वाटतो.

आता आक्षेपाकडे यायला हवं, कारण तो पोकळ नाही.

जुनी कृपा ही रीत आहे की अपवाद, हे ठरवायचं कुणी? संतांनी ती रीत मानली. समाजाने तिला सरळ अपवाद ठरवलं. चोखोबांबरोबर देव जेवला हे सगळे कौतुकाने सांगत राहिले, आणि चोखोबांना देवळाबाहेरच ठेवलं. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून पंढरीच्या महाद्वारापाशी समाधी दिली. ती जागा दाराच्या बाहेरच होती. ‘जातिनिर्मूलन’वरून १९३६ साली गांधीजींशी झालेल्या वादात डॉ. आंबेडकरांनी याच्यावर नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की संताने जात मोडली तर चालते, सामान्याने मोडायची नाही, अशीच शिकवण लोकांना दिली गेली. म्हणून संत हा कधी अनुकरणाचा दाखला झालाच नाही, तो फक्त पूजेचा विषय राहिला. त्याच बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला. आदर आणि आक्षेप दोन्ही एकाच हाताने लिहिलेले आहेत, आणि दोन्ही खरे आहेत.

घरातूनही हा आक्षेप आला होता. चोखोबांचा मुलगा कर्ममेळा. देवाने आपल्या बापावर केलेली कृपा ही त्याच्यासाठी घरातली आठवण होती. पण तो ती आठवून समाधानी झाला नाही. उष्टं खाण्यात आमचा जन्म चालला, तुला याची लाज कशी वाटत नाही, असं तो देवाला विचारतो. बाप तुझा लाडका होता ना, मग त्याच्या मुलाच्या पानात उष्टं का? कृपा एकट्यादुकट्यावर होऊन थांबत असेल तर ती रीत कसली, हा त्याचा सवाल आहे. मला हा सवाल भक्तीच्या बाहेरचा वाटत नाही. त्रिपदीतल्या ‘आताच कठोर का’ या प्रश्नाचंच हे जास्त धारदार रूप आहे.

म्हणून माझं म्हणणं असं की जुन्या कृपेचा दाखला देवापुढे ठेवणाऱ्यावर तो उलटूनही येतो. ज्याने गजेंद्राचं नाव घेऊन स्वतःसाठी दार उघडायला लावलं, त्याला दुसऱ्यासाठी ते बंद ठेवता येत नाही. साने गुरुजींनी हे ओळखलं होतं. अगोदर महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी लोकांची मनं वळवण्याचा प्रयत्न केला, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी विठ्ठलाचं देऊळ दलितांना खुलं करायचं ठरलं. त्यांचा आधार बाहेरून आणलेला नव्हता. जी यादी बडवे आणि वारकरी रोज गात होते, तीच त्यांनी प्रमाण मानली. चोखोबांना मिठी मारणारा देव आणि चोखोबांच्या लेकरांना अडवणारी पायरी, या दोन गोष्टी एका आवारात राहू शकत नाहीत, एवढंच त्यांचं सांगणं. चोखोबांच्या मृत्यूनंतर सहाशेहून अधिक वर्षांनी देवाच्या वहिवाटीचा दावा माणसांच्या पंचायतीत मान्य झाला. उशीर अक्षम्य होता, पण दावा खोटा नव्हता.

तरी एक माणूस उरतो, ज्याच्यासाठी दार उघडलंच नाही.

२०२० च्या उन्हाळ्यानंतर दोन वर्षं पालखी आमच्या रस्त्याने गेली नाही. त्या वर्षी आणि पुढच्या वर्षीही पादुका एसटीतून पंढरपूरला नेल्या गेल्या. रस्त्यावर दिंड्या नव्हत्या, रुग्णवाहिका होत्या. संत तुकाराम नगरमधलं वायसीएम रुग्णालय कोविडसाठी राखून ठेवलं होतं, नेहरूनगरच्या मगर स्टेडियमवर मोठं तात्पुरतं रुग्णालय उभं राहिलं. बाहेर फुटपाथवर थांबलेल्या नातेवाइकांत गुरुचरित्राची पोथी, जपमाळ, मोबाइलवरची करुणात्रिपदी हे सगळं होतं. काहींची माणसं घरी आली. काहींची आली नाहीत. ज्यांची आली नाहीत त्यांनीही तीच चार नावं घेतली होती, तितक्याच कळकळीने. त्यांच्या श्रद्धेत काही कमी पडलं, असं त्यांना सांगणारे लोक मी पाहिले आहेत, आणि हे सांगण्याइतकं क्रूर काही मला आठवत नाही. वहिवाटीचा आधार घेणाऱ्याला तर असं बोलताच येत नाही. त्याचा सारा दावाच हा आहे की मिळणं मागणाऱ्याच्या गुणावर ठरत नाही. मग न मिळण्याचा दोष मागणाऱ्याच्या माथी कसा मारणार?

पुन्हा स्तोत्रसंहितेकडे वळतो. तिच्यातलं चव्वेचाळिसावं स्तोत्र आमच्या वाडवडिलांनी तुझी कृत्यं आम्हाला सांगितली, इथून सुरू होतं, अगदी त्रिपदीसारखं. पण पुढे गाणारे म्हणतात की आम्ही तुला विसरलो नाही, करार मोडला नाही, तरी तू आम्हाला मेंढरांसारखं कापायला दिलंस. जागा हो, झोपलास कसा? स्तोत्र तिथेच संपतं. सुटका झाली असं पुढे कुठे लिहिलेलं नाही. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना ते वगळता आलं असतं, निदान शेवटी चार समाधानाच्या ओळी जोडता आल्या असत्या. त्यांनी तसं केलं नाही. आपल्याकडेही कर्ममेळ्याचे अभंग संतांच्या वाणीतून कुणी काढून टाकले नाहीत. ज्या परंपरेने चोखोबांवरच्या कृपेचं गाणं केलं, तिनेच त्यांच्या मुलाची तक्रार सांभाळून ठेवली. वायसीएमच्या फुटपाथवरून रिकाम्या हातांनी परतलेली बाई गुरुवारी देवळात येऊन दुसरं पद म्हणत असेल, तर तिने ते नुसत्या शरणागतीने म्हणावं अशी अपेक्षा तिच्याकडून करू नये. तिला त्यातला प्रश्न प्रश्नासारखा विचारू द्यावा, आवाज चढवून विचारायचा असेल तर तसा. तो विचारण्याची सोय टेंबे स्वामींनी त्या पदातच करून ठेवली आहे, आणि शिरोळच्या त्या आईला ती औदुंबराखाली स्वतः गुरूंनीच करून दिली होती.